स्वच्छ पाण्यातला डास आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

वाचक आईचं पत्र:

नमस्कार मॅडम. आम्ही घणसोलीत राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. जूनच्या शेवटी मुलाला ताप आला, उलट्या झाल्या. आधी सर्दीचं औषध दिलं. चौथ्या दिवशी रक्त तपासलं तर व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया निघाला. औषधाने ताप उतरला. पुढे चौदा दिवसांच्या गोळ्या होत्या, पण तो थुंकून टाकायचा आणि तापही नव्हता, म्हणून पाच-सहा दिवसांनी बंद केल्या. आता ऑगस्टमध्ये परत ताप, परत तोच मलेरिया. हिमोग्लोबिन आठवर आलंय, प्लेटलेट्स लाखाच्या खाली. सासूबाई म्हणतात, तुझं लक्ष नाही, पोराला दृष्ट लागलीय. शेजारी टॉवरचं काम चालू आहे. सोसायटीत सगळे म्हणतात, रोगराई तिथल्या मजुरांमुळे आली, त्यांच्या पोरांना गेटच्या आत घेऊ नका. मागे नालाही आहे. धुराची गाडी येऊन जाते तरी डास आहेतच. मलेरियाची लस निघाली म्हणे, ती मिळेल का? मुलीलाही होईल का? आणि गणपतीला चिपळूणजवळ गावी जायचं ठरलंय, जावं का? फार घाबरलेय.
— एक आई, घणसोली

ताई, सगळ्यात आधी एक विचारते. मुलगा आज पाणी पितोय ना? लघवी होतेय ना? पोटात घेतलेलं सगळंच उलटत असेल, हाक मारून, हलवूनही तो नीट जागा होत नसेल, झटका आला असेल, धाप लागल्यासारखा श्वास घेत असेल, ओठ आणि तळहात पांढरे पडले असतील, डोळे पिवळे दिसत असतील किंवा लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर हे वाचणं इथेच थांबवा आणि त्याला वाशीच्या किंवा ऐरोलीच्या महापालिका रुग्णालयात न्या, नाहीतर मुलांना दाखल करून घेणारं जे रुग्णालय जवळ असेल तिथे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. व्हायव्हॅक्स म्हणजे साधा मलेरिया असा समज आहे. बहुतेक वेळा तो साधाच जातो, पण लहान मुलांत कधी कधी तोही गंभीर होतो, आणि तुमच्या मुलाचं रक्त आधीच उतरलेलं आहे.

यातलं काही नसेल तर थोडं निवांत वाचा.

आजार परत का आला, त्याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. व्हायव्हॅक्सचा जंतू रक्तात असतो आणि यकृतातही असतो. पहिल्या तीन दिवसांच्या औषधाने, म्हणजे क्लोरोक्विनने, रक्तातले जंतू मरतात आणि ताप उतरतो. यकृतात दडून बसलेल्यांना ते औषध काहीच करत नाही. शेतातली हरळी वरवर खुरपली की रान साफ दिसतं आणि पुढच्या पावसात मुळांतून परत फुटते, तसं हे. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, कधी वर्षभरानेही हे दडलेले जंतू उठतात, रक्तात उतरतात आणि ताप पुन्हा सुरू होतो. त्यासाठी नव्याने डास चावावा लागत नाही. चौदा दिवसांच्या गोळ्या, म्हणजे प्रायमाक्विन, यकृतातल्या या जंतूंसाठीच असतात. ताप उतरल्यावर त्यांचं काम सुरू झालेलं असतं आणि नेमकं तेव्हाच बहुतेक घरांत त्या थांबतात. नवा डास चावून नव्याने लागण झाली असेल हेही शक्य आहे. दोन्हींतला फरक साध्या तपासणीत कळत नाही. उपचार मात्र दोन्हींत तेच, आणि या वेळी ते पूर्ण व्हायला हवेत.

पण घरात उरलेल्या जुन्या गोळ्या काढून आजपासून सुरू करू नका. प्रायमाक्विनचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो, आणि आजारपणात त्याचं वजन उतरलेलं असणार. शिवाय काही जणांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतःच कमी असतं. अशांना या गोळीने तांबड्या पेशी फुटून रक्त झपाट्याने उतरू शकतं. तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन आठ आहे, तेव्हा ही रक्ततपासणी झालीय का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. नसेल तर करून घ्या आणि मगच गोळ्या सुरू करा. कोर्स चालू असताना लघवी गडद झाली, मूल पिवळं किंवा एकदम मलूल दिसू लागलं, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

आता थुंकण्याचं. गोळी कडू असते, मूल साडेतीन वर्षांचं, त्याला चौदा दिवस समजावत बसणं सोपं नाही, हे मला रोज दिसतं. उपाशीपोटी ही गोळी दिली तर पोटात मळमळतं आणि उलटी होते, म्हणून पोटभर जेवल्यावरच द्या. गोळी बारीक करा आणि चमचाभर शिऱ्यात किंवा कुस्करलेल्या केळ्यात मिसळा. अख्ख्या वाटीत मिसळू नका, कारण अर्धी वाटी उरली की अर्धं औषध उरतं. लगेच वर दोन घोट गोड सरबत. अर्ध्या तासाच्या आत उलटून पडलं तर तोच डोस परत द्यायचा का, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. कॅलेंडरवर चौदा चौकोन आखून ठेवा आणि गोळी पोटात गेली की त्याच्याच हाताने एकेक रंगवून घ्या. हे काम एकट्या आईवर नको. रात्री जेवल्यावर बाबांनी द्यायची असं ठरवून टाका.

प्लेटलेट्स पाहून तुम्ही डेंग्यूच्या भीतीत असाल. मलेरियातही प्लेटलेट्स पुष्कळदा उतरतात आणि उपचार लागू पडले की आपोआप चढतात. रक्तस्राव नसेल आणि डॉक्टर लक्ष ठेवून असतील तर त्या आकड्याकडे रोज पाहून जीव टांगणीला लावू नका. पपईच्या पानांचा रस साडेतीन वर्षांच्या पोराच्या पोटात ओतू नका, उलट्या वाढतील. तापाला पॅरासिटामॉल पुरे. आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका, कारण याच दिवसांत डेंग्यूही असतो आणि त्यात ही औषधं घातक ठरतात. लोहाचं औषध कधी सुरू करायचं ते डॉक्टरांवर सोडा. मात्र खाणं आजपासून सुरू ठेवा, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा. मलेरियात लहान मुलाची साखर पटकन उतरते, तेव्हा "तापात पोटाला आराम द्यावा" हा सल्ला कोणी दिला तरी पाळू नका.

सासूबाईंच्या बोलण्याने तुम्ही दुखावल्या आहात. त्यांना हा भाग वाचून दाखवा, हवं तर. दृष्ट काढायची असेल तर खुशाल काढा, त्याने काही बिघडत नाही. पण ताप आल्याच्या पहिल्या दिवशी रक्त तपासायला जायचं आणि मग घरी येऊन मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या, हा क्रम ठेवा. आणि आजी, सुनेचं लक्ष नव्हतं म्हणून हा आजार झालेला नाही. चौथ्या दिवसापर्यंत मलेरिया ओळखू आला नाही, कारण मोठ्या माणसाला हुडहुडी भरते, दात वाजतात, मग घाम येतो, तसं लहान मुलात पुष्कळदा होतच नाही. एक दिवसाआड येणारा पुस्तकातला ताप सुरुवातीला बहुतेकांना येत नाही. मूल नुसतं किरकिरतं, जेवत नाही, उलटी करतं, कधी जुलाब, कधी खोकला. सर्दीचं वाटावं असंच सगळं. म्हणून पावसाळ्यात आपल्या भागात मुलाला ताप आला की अंदाज बांधत बसू नये, रक्त तपासावं. तुमच्या नागरी आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. बोटाला सुई टोचतात, तान्ह्या बाळाच्या टाचेला. काचपट्टीवर एक थेंब जाड पसरतात आणि एक पातळ. जाड थरात एकाच नजरेत जास्त रक्त दिसतं, म्हणून थोडे जंतूही हाती लागतात. कोणत्या जातीचा आहे ते पातळ थरात कळतं. एकदा तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप चालूच राहिला, तर दुसऱ्या दिवशी परत काचपट्टी करून घ्या. एका निगेटिव्ह कागदावर मलेरिया नाही असं ठरत नाही.

मग लहान मुलांनाच तो इतका का लागतो? त्यांच्या अंगात या जंतूशी लढायचा अनुभव नसतो, आणि शरीरात रक्त मुळातच थोडं. जंतू तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. मोठ्या माणसाचं त्यात थोडं कमी-जास्त होतं, तर मूल आठवड्यात पांढरंफटक पडतं. त्यातून आपल्याकडची मुलं आधीच रक्ताने कमी असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन जूनच्या आधी किती होतं, कुणी पाहिलं होतं का? बहुधा नाही, आपल्याकडे कुणीच पाहत नाही. आजार बरा झाल्यावर ते पाहा आणि अकरापर्यंत येईतो मागे लागा.

आता डास. मागच्या नाल्यावर सगळ्यांचा राग आहे, पण मलेरियाचं खापर नाल्यावर फोडण्यात अर्थ नाही. घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. तो रात्री चावून हैराण करतो, हत्तीरोग पसरवतो, मलेरिया नाही. शहरातला मलेरिया पसरवणारा डास अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी, आणि त्याला लागतं साचलेलं स्वच्छ पाणी. गच्चीवरच्या टाक्या, झाकण फुटलेली पिंपं, न वापरली जाणारी विहीर, सोसायटीचं बंद पडलेलं कारंजं. शेजारी टॉवर उभा राहतोय म्हणालात. तिथे लिफ्टचा खड्डा असेल, बेसमेंटमध्ये पावसाचं पाणी असेल, क्युरिंगसाठी, म्हणजे सिमेंट पक्कं व्हायला, स्लॅबवर बांध घालून साठवलेलं पाणी असेल, मजुरांची प्यायची पिंपं असतील. सगळं स्वच्छ पाणी, आणि ते दिवसेंदिवस हलत नाही.

तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन एकदा गच्चीवर जा. सकाळी, टॉर्च घेऊन. टाकीचं झाकण उचलून पाण्यावर तिरका प्रकाश टाका आणि पाणी न हलवता दोन मिनिटं थांबा. अ‍ॅनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी पडलेली दिसते, बारीक काडीसारखी, आणि सावली पडली की झटका देऊन खाली जाते. डोकं खाली करून तिरकी लोंबणारी अळी दिसली तर ती दुसऱ्या डासाची, डेंग्यूचा एडीसही त्यांतलाच. टाकीचा ओव्हरफ्लो पाइपही पाहा. त्याच्या तोंडाला जाळी नसेल तर वरचं झाकण कितीही घट्ट असो, डास तिथून आत जातो. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण झाकण बसवून लोक निश्चिंत होतात आणि तो पाइप उघडाच राहतो.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस ठरवा. पिंपं, बादल्या, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बश्या, सगळं रिकामं करून आतून घासायचं आणि वाळू द्यायचं. घासणंही हवं, कारण एडीसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. जिथलं पाणी काढताच येत नाही, जसं बेसमेंट किंवा बंद विहीर, तिथे महापालिकेच्या मलेरिया विभागाकडून अळीनाशक टाकून घ्या किंवा गप्पी मासे सोडून घ्या. धुराच्या गाडीबद्दल तुम्हाला वाटतं ते खरं आहे. तो धूर त्या क्षणी हवेत उडणाऱ्या डासांना मारतो, तासाभरात विरतो, आणि पाण्यातल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. नगरसेवकाकडे गाडी मागायला सगळी सोसायटी जाते. त्याच माणसांनी बेसमेंटचं पाणी उपसायची मागणी लावून धरली तर उपयोग होईल.

मजुरांबद्दल लिहिताना मला राग आवरावा लागतोय, तो तुमच्यावर नाही. त्यांच्यातले काही ओडिशा, झारखंड, छत्तीसगडच्या ज्या भागांतून येतात तिथे मलेरिया जास्त आहे आणि ताप नसलेल्या माणसाच्या रक्तातही जंतू असू शकतो, हे खरं. पण डास वाढतो तो ठेकेदाराने साचवलेल्या पाण्यात, आणि तो सगळ्यात आधी चावतो पत्र्याच्या खोलीत, दार-खिडकी नसलेल्या जागी, मच्छरदाणीशिवाय झोपलेल्या त्यांच्याच पोरांना. त्यांचा रोज बुडतो म्हणून ते रक्त तपासायला जात नाहीत, आणि ताप उतरला की चौदा दिवसांच्या गोळ्या तेही थांबवतात, जशा आपल्या शिकल्यासवरल्या घरांत थांबतात. त्या पोरांना गेटबाहेर काढून तुमच्या मुलाचं काडीचंही रक्षण होत नाही. डास काही शे मीटर सहज उडतो, त्याला गेट लागत नाही. त्यांचा मलेरिया बरा झाला तर तुमच्या मुलाचा धोका कमी होतो, हा साधा हिशेब सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडा. सोसायटीच्या लेटरहेडवर बिल्डरला आणि प्रभाग कार्यालयाला पत्र द्या. त्यात दोन मागण्या लिहा. साचलेलं पाणी दर आठवड्याला उपसायचं किंवा त्यात अळीनाशक टाकायचं, आणि साइटवरच्या प्रत्येकाची, मुलांसकट, जागेवर येऊन रक्ततपासणी करायची. महापालिकेचं पथक साइटवर येऊन तपासणी करतं, आणि डासांची पैदास सापडली तर नोटीस देतं. मुकादमाशी तुमच्या सेक्रेटरींनी नीट दोन शब्द बोलले तर तो संध्याकाळी, काम सुटल्यावर, माणसं जमवून देतो. दिवसा बोलावलं तर कुणी येणार नाही.

मुलीला होईल का, हे विचारलंत. मलेरिया एकाकडून दुसऱ्याला शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, अंगावरच्या दुधातूनही होत नाही. दूध चालू ठेवा. पण भावाला चावलेला डास जंतू घेऊन जातो, साधारण आठ-दहा दिवसांत तो जंतू डासाच्या अंगात तयार होतो आणि मग तोच डास तिला चावू शकतो. व्हायव्हॅक्सचे डासात शिरू शकणारे जंतू तापाच्या सुरुवातीपासूनच रक्तात असतात. म्हणून आजारी मुलगा मच्छरदाणीत झोपला पाहिजे, नुसती तान्ही नव्हे. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा, भोक असेल तर सुई-दोऱ्याने शिवा, आणि मुलीचा हातपाय जाळीला टेकून राहणार नाही इतकी ती रुंद घ्या, कारण जाळीला टेकलेल्या पायाला डास बाहेरून चावतो. हा डास दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चावतो, तेव्हा संध्याकाळी सहाला खिडक्या लावून घ्या आणि दोघांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. बंद खोलीत मच्छर अगरबत्ती रात्रभर जाळू नका, तो धूर तान्ह्या फुफ्फुसांना सोसत नाही. मुलीला ताप आला, किंवा तापाविनाही ती दूध ओढेनाशी झाली, तर त्याच दिवशी टाचेचं रक्त तपासा. आणि भावाच्या प्रायमाक्विनमधली चिमूटभरही तिला देऊ नका. एक वर्षाखालच्या बाळाला ती गोळी देत नाहीत.

लस निघाली आहे, हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एका आणि २०२३ मध्ये दुसऱ्या लसीची शिफारस केली, आणि दुसरी आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. पण दोन्ही फाल्सिपॅरम जातीच्या मलेरियासाठी आहेत आणि मुख्यतः आफ्रिकेतल्या मुलांना दिल्या जातात. २०२३ मध्ये जगात मलेरियाने जे सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू झाले, त्यांतले ९५ टक्के आफ्रिकेत झाले, आणि तिथल्या दर चारांपैकी तीन मृत्यू पाच वर्षांखालच्या मुलांचे होते. ती लस तिथे पोहोचणं किती गरजेचं आहे, ते यावरून कळावं. तुमच्या मुलाच्या व्हायव्हॅक्सवर ती चालत नाही आणि आपल्या नेहमीच्या लसीकरणात नाही, म्हणून तिच्या मागे धावू नका.

गणपतीला जा. ताप उतरलेला असेल, मूल खातंपितं असेल आणि डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर घरी बसायचं कारण नाही. कोर्स चालू असेल तर उरलेल्या गोळ्या मोजून हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको. गर्दीत गाडी अडकली तरी गोळी वेळेवर जाईल. मच्छरदाणी सोबत न्या, गावच्या घरात पाहुणे फार आणि मच्छरदाण्या कमी असतात. रक्ताच्या रिपोर्टचा फोटो फोनमध्ये असू द्या. तिथे ताप आलाच तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या आणि आधी दोनदा व्हायव्हॅक्स झालाय हे पहिल्याच वाक्यात सांगा. हे वाक्य पुढचं वर्षभर, कुठल्याही तापात, कुठल्याही डॉक्टरांना सांगायचं आहे.